इकॉलॉजी आणि शेतीच्या जीवशास्त्रात एमएससी-पीएचडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकतीच अ‍ॅडमिशन घेतलेले आणि दोन वर्षं होऊनही चाचपडत असलेले, दोघांकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही. फक्त रेप्लिकेशनवाला (म्हणजे तोच प्रयोग किती स्वतंत्र जागी परत केला, त्याचा) प्रश्न कुणी गाळू नका, या विषयात सगळ्यात जास्त थीसिस तिथेच अडकतात.

इकॉलॉजी आणि अ‍ॅग्रीकल्चर हे वेगळे विषय ना? मग एकाच डिपार्टमेंटमध्ये का असतात?

कागदावर वेगळे आहेत, जमिनीवर वेगळे काढून दाखवा बरं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८५६ साली लॉज आणि गिल्बर्ट या दोघांनी एका जुन्या कुरणावर पट्टे पाडून वेगवेगळी खतं टाकायला सुरुवात केली. हेतू एकदम शेतकी होता, चारा कशाने वाढतो ते बघायचं. चारा वाढला पण त्यासोबत असं झालं की भरपूर नायट्रोजन मिळालेल्या पट्ट्यांमधून वनस्पतींच्या जाती एकेक करून गायब होत गेल्या आणि बिनखताच्या पट्ट्यांमध्ये डझनांनी जाती टिकून राहिल्या. म्हणजे खताचा ट्रायल म्हणून सुरू झालेली गोष्ट जैवविविधतेचा प्रयोग होऊन बसली. पुढे १९७० च्या दशकात तिथल्याच एका गवतावर काम झालं तेव्हा दिसलं की काही मीटरवरच्या शेजारच्या पट्ट्यांतली एकाच जातीची झाडं आनुवंशिकदृष्ट्या वेगळी झालीयेत, म्हणजे उत्क्रांतीसुद्धा तिथेच सापडली. तो प्रयोग अजून चालू आहे.

रोजच्या कामात फरक एवढाच पडतो की शेतीवाला विचारतो किती वाढलं आणि शिफारस काय करू, इकॉलॉजीवाला विचारतो असं का झालं आणि दुसरीकडे पण होईल का. तुमच्या कमिटीत दोन्हीकडची माणसं असली तर चांगलं, भांडतील थोडी पण थीसिस सुधारेल.

विषय कसा ठरवायचा? मला मातीतले सूक्ष्मजीव आवडतात, एवढं पुरे आहे का?

आवड पुरे आहे, विषय म्हणून नाही. "मातीतले सूक्ष्मजीव" हे कपाटाचं नाव झालं, आत काय ठेवायचं ते ठरायचंय. प्रश्न असा हवा की उत्तर दोन-तीन प्रकारचं येऊ शकतं आणि कुठलंही आलं तरी सांगण्यासारखं काहीतरी हातात राहतं. उदा. कव्हर क्रॉप (दोन मुख्य पिकांच्या मधे जमीन झाकायला लावलेलं पीक) घेतल्यावर पुढच्या पिकाला मिळणारा नायट्रेट वाढतो का कमी होतो, आणि ते कव्हर क्रॉपच्या कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरावर अवलंबून आहे का. इथे वाढला, कमी झाला, फरक पडला नाही, तिन्ही उत्तरांना अर्थ आहे.

महागडी मशिनरी लागतेच असंही नाही. इकॉलॉजिस्ट रॉबर्ट मॅकआर्थरचं पीएचडीचं काम बघा, १९५८ ला पेपर आला. ईशान्य अमेरिकेतल्या सूचिपर्णी जंगलात पाच जातींचे वॉर्बलर पक्षी राहतात, आकार जवळपास सारखा, सगळे किडेच खातात, मग एकच जात बाकीच्यांना हाकलून का देत नाही? त्याने झाडाचे भाग पाडले, शेंडा मधला खालचा, आतला बाहेरचा, आणि कुठला पक्षी कुठल्या भागात किती सेकंद घालवतो ते मोजलं. उत्तर निघालं की प्रत्येक जात झाडाचा वेगळा भाग वापरते आणि चारा शोधायची पद्धतही वेगळी आहे. डोळे, घड्याळ, आणि नेमका प्रश्न. आज त्यात स्टॅटिस्टिक्सवरून खोड काढता येईल पण प्रश्नावरून नाही.

एक गोष्ट मात्र आधीच बघा, तुमच्या प्रश्नातलं मोजमाप एका सीझनमध्ये हलतं का. मातीतला एकूण सेंद्रिय कार्बन दोन-तीन वर्षांत इतका कमी बदलतो की आधीच असलेल्या कार्बनच्या ढिगात आणि जागोजागच्या फरकात तो दिसतच नाही. नायट्रेट, सूक्ष्मजीवांचा श्वसनदर, एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी, हे पटकन हलतात. दोन वर्षांच्या एमएससीत पहिलं घेऊन बसलात तर शेवटी हातात "फरक आढळला नाही" आणि तेही खरंच नाही का दिसला नाही हे सांगता येत नाही.

गाइड कसा निवडावा?

नावावरून नाही. त्याच्याकडे आत्ता असलेल्या आणि सोडून गेलेल्या स्टुडंट्सशी बोला, सोडून गेलेल्यांशी जास्त. विचारायचं काय तर मीटिंग किती दिवसांनी होते, लिहिलेला ड्राफ्ट किती आठवड्यांनी परत येतो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं जातं, फील्डवर जायला गाडी आणि मदतनीस मिळतो का, ग्रँट संपली तर पुढची सोय काय. शेवटचा प्रश्न विचारायला सगळे लाजतात आणि नंतर तोच नडतो.

पहिला मेल छोटा लिहा. त्यांचा एखादा पेपर खरंच वाचून त्यातली एखादी गोष्ट पुढे कशी नेता येईल यावर दोन वाक्यं, तुम्हाला काय काय करता येतं यावर दोन वाक्यं, बस. "आपलं थोर कार्य वाचून प्रभावित झालो" टाइपचे मेल न वाचता डिलीट होतात, आणि एकच मेल वीस जणांना पाठवलाय हे पहिल्या ओळीत कळतं.

आधी एमएससी का थेट पीएचडी?

संशोधन आवडतं का नाही हे माहीत नसेल तर एमएससी, माहीत असेल आणि तुमच्या देशात थेट जाता येत असेल तर थेट. काही ठिकाणी पीएचडीला आधी कोर्सवर्क आणि मोठी परीक्षा असते, काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून प्रोजेक्ट, त्यामुळे वर्षांची तुलना करत बसू नका, सीझनची करा.

सीझनची म्हणजे?

म्हणजे तुमच्या हातात पिकाचे किंवा प्रजननकाळाचे हंगाम किती आहेत ते. दोन वर्षांच्या डिग्रीत कागदावर दोन हंगाम दिसतात पण पहिला बहुतेक वेळा अ‍ॅडमिशन, कोर्स आणि परवानग्यांमध्ये जातो, मग उरतो एक. लॅबमधल्याचं जेल बिघडलं तर तो उद्या परत चालवतो, तुमची पेरणी दोन आठवडे हुकली तर पुढची संधी वर्षाने. म्हणून प्लॅन उलटा करा. थीसिस कधी द्यायची, त्याआधी लिहायला किती महिने, त्याआधी सॅम्पल्सचं अ‍ॅनालिसिस किती (अंदाज आला की दुप्पट करा, ओव्हन आणि मशीन तुमच्या एकट्याचं नसतं), त्याआधी कापणी, त्याआधी पेरणी, आणि पेरणीच्या आधी परवानगी, बियाणं, जागा, मातीचं बेसलाइन सॅम्पलिंग. असं मागे मागे येत गेलात की बऱ्याच वेळा कळतं की बी मागवायची तारीख कालच होऊन गेली.

बेसलाइनवर जरा अडतो. ट्रीटमेंट (खत, पाणी वगैरे, ज्याचा परिणाम बघायचाय ते) टाकायच्या आधी प्रत्येक प्लॉटचं मातीचं सॅम्पल घेऊन ठेवा, लगेच अ‍ॅनालिसिस केलं नाही तरी चालेल, वाळवून चाळून डब्यात ठेवा. नंतर कुणी विचारलं की हा प्लॉट आधीपासूनच सुपीक नव्हता कशावरून, तर उत्तर त्या डब्यात असतं. ट्रीटमेंट टाकल्यावर हे सॅम्पल कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

आणि सीझन हुकलाच तर?

रडायचं एक दिवस, मग हे बघा. ग्रीनहाऊसमध्ये कुंडीतला प्रयोग करून यंत्रणेचा एखादा तुकडा तपासता येतो. हर्बेरियममधल्या नमुन्यांवरून फुलोऱ्याच्या तारखा काढता येतात. जीबीआयएफसारख्या खुल्या डेटाबेसमधून प्रजातींच्या नोंदी मिळतात, फक्त त्या नोंदी रस्त्यांजवळ आणि शहरांजवळ जास्त असतात हे डोक्यात ठेवून वापरा. मेटा-अ‍ॅनालिसिसचं (आधी छापलेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासायचं) चॅप्टर करता येतं, आणि चांगलं केलं तर फील्डच्या चॅप्टरपेक्षा जास्त वाचलं जातं.

दीर्घकालीन प्रयोगांचा डेटा तर खजिनाच आहे. रॉथमस्टेडचाच ब्रॉडबाल्क, १८४३ पासूनचा गहू. इलिनॉयचे मॉरो प्लॉट्स १८७६ पासूनचे. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९६३ पासून पाणलोटांचं रसायनशास्त्र मोजतायत, उत्तर अमेरिकेतला आम्लवर्षाव तिथे पकडला गेला. आणि जुने सॅम्पल काय करू शकतात बघा, ब्रॉडबाल्कच्या जपून ठेवलेल्या गव्हाच्या नमुन्यांमधून दोन रोगकारक बुरशींचा डीएनए काढला, दोघींचं एकमेकींशी प्रमाण दीडशेहून जास्त वर्षांत कसं बदललं ते काढलं, आणि ते हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराशी जुळलं. ज्यांनी ते नमुने डब्यात भरले त्यांना डीएनए म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

रेप्लिकेट किती घ्यायचे? मी प्रत्येक शेतातून वीस सॅम्पल घेतलेत, पुरेत ना?

शेतं किती? "दोन, एकात कव्हर क्रॉप, एकात नाही." मग तुमचा एन (स्वतंत्र रेप्लिकेटची संख्या) वीस नाही, एक आहे. प्रत्येक ट्रीटमेंटला एक शेत. वीस सॅम्पलनी ते एक शेत तुम्हाला फार छान कळलं, पण दोन शेतांमधला फरक कव्हर क्रॉपमुळे आहे का एक शेत ओढ्याजवळ आहे म्हणून, का तिथे पूर्वी जनावरं बांधायचे म्हणून, हे ती वीस सॅम्पल सांगूच शकत नाहीत. दोनशे घेतली तरी नाही.

याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हर्लबर्ट या इकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये इकॉलॉजीतले १७६ प्रयोग तपासले आणि ज्यांनी स्टॅटिस्टिकल टेस्ट वापरल्या होत्या त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये, ४८ टक्क्यांमध्ये, ही चूक सापडली. छापून आलेल्या पेपरमध्ये, रिव्ह्यू होऊन. चाळीस वर्षं झाली, अजून थांबलेली नाही.

ओळखायचं कसं? स्वतःला एकच विचारा: ट्रीटमेंट कशाला दिली, चिठ्ठी कशावर टाकली? ते तुमचं एक्सपेरिमेंटल युनिट. खत प्लॉटला दिलं तर प्लॉट. तापमान ग्रोथ चेंबरला दिलं तर चेंबर, आतल्या चाळीस कुंड्या नाहीत, हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो कारण चेंबर दोनच असतात. मग काय करायचं, तर प्रयोग दोन-तीन वेळा परत चालवायचा आणि दर वेळी चेंबरचं तापमान अदलाबदल करायचं, म्हणजे प्रत्येक रन एक रेप्लिकेट होतो. टँकमध्ये औषध घातलं तर टँक, मासा नाही. गायींच्या कळपाला एकत्र खाद्य दिलं तर कळप.

एका प्लॉटमधून अनेक सॅम्पल घेणं चूक नाहीये, उलट घ्यावेतच, प्लॉटचा अंदाज सुधारतो. फक्त ते एकत्र मिसळून एक करा किंवा मॉडेलमध्ये प्लॉटला रँडम इफेक्ट द्या (म्हणजे ही सॅम्पल एकाच प्लॉटची आहेत हे मॉडेलला कळतं).

ब्लॉकिंगबद्दल (साधारण सारख्या जमिनीवरचे प्लॉट एका गटात बांधणं): स्टॅटिस्टिशियन फिशर १९१९ ला रॉथमस्टेडला आला आणि रँडमायझेशन, ब्लॉक वगैरे जे आपण आज घोकतो ते बरंचसं तिथल्या शेतांच्या डोकेदुखीतून निघालं. जमीन कुठेच सारखी नसते. उतार असेल तर ब्लॉक उताराला आडवा टाका, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट साधारण एकाच उंचीवर येतात आणि वरच्या-खालच्या ओलाव्याचा फरक ब्लॉकमध्ये जातो, तुमच्या ट्रीटमेंटमध्ये नाही. चार ब्लॉक ही शेतीत प्रथा आहे, नियम नाही. तुमच्या मोजमापाचा विखुरलेपणा जास्त असेल (मातीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड घ्या, वायू गोळा करायच्या एका चेंबरला शून्य आणि मीटरभरावर दहापट) तर चार अजिबात पुरत नाहीत. पायलट करा, विखुरलेपणा काढा, पॉवर अ‍ॅनालिसिस करा (फरक दिसायला किती रेप्लिकेट लागतील त्याचा हिशोब).

आणि रँडम म्हणजे खरंच रँडम, कॉम्प्युटरने काढलेले आकडे. "मी असेच कुठेही क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) फेकले" हे रँडम नाही, माणूस काट्यांच्या बाजूला फेकत नाही.

स्प्लिट प्लॉट म्हणजे काय आणि मला लागेल का?

पाणी किंवा नांगरट यांसारखी ट्रीटमेंट छोट्या वाफ्याला देता येत नाही, मोठा पट्टाच लागतो, आणि त्या पट्ट्यात मग वेगवेगळे वाण लावता येतात. म्हणजे दोन आकाराची युनिट झाली आणि म्हणून एररही दोन. साध्या अनोव्हात (सरासरींची तुलना करायच्या नेहमीच्या टेस्टमध्ये) टाकलंत तर पाण्याचा परिणाम आहे त्यापेक्षा भक्कम दिसतो. डिझाइन काढतानाच ओळखा, नंतर रिव्ह्यूअर ओळखतो.

कुंडीत करू का शेतात?

प्रश्न यंत्रणेचा असेल तर कुंडी, शिफारसीचा असेल तर शेत. कुंडीत मुळं काही आठवड्यांत भिंतीला लागून गोल फिरायला लागतात, काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात शेतातल्या मातीपेक्षा खूप जास्त तापते, आणि चाळलेल्या मातीत बुरशीचं जाळं आधीच तुटलेलं असतं. तरी कुंडीला नावं ठेवू नये, एका वेळी एकच गोष्ट बदलायची सोय शेतात मिळत नाही. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला रँडम बदला, खिडकीकडची रांग नेहमी पुढे असते.

सॅम्पल कसे घ्यायचे आणि ठेवायचे?

आधी ठरवा कशासाठी, कारण एकाच मातीला तीन वेगळ्या वाटा असतात. पीएच, स्फुरद, सेंद्रिय कार्बन यासाठी हवेत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. नायट्रेट-अमोनियम हवा असेल तर वाळवायची नाही, कारण वाळताना आणि परत भिजताना सूक्ष्मजीव ते आकडे बदलून टाकतात, त्यामुळे बर्फाच्या पेटीतून आणायची, ४ अंशांवर ठेवायची आणि शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच दिवशी, पोटॅशियम क्लोराइडच्या २ मोलर द्रावणात हलवून गाळायची. डीएनए-आरएनएसाठी ताबडतोब गोठवायची, उणे ८० मिळालं तर उत्तम. म्हणजे एकच कोअर (नळीने काढलेली माती, त्या नळीलाही कोअरच म्हणतात) शेतातच तीन पिशव्यांत वाटायचा, आणि हे पिशव्या भरायला घेतल्यावर आठवून उपयोग नाही.

फील्डवर हे असं दिसतं: कोअर जमिनीत घालायच्या आधी वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा (सगळ्या प्लॉटला सारखाच, नाहीतर एकात पाला मिसळतो), १५ सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत दाबायचा, फिरवून बाहेर काढायचा, खालचं टोक तुटून आतच राहिलं असेल तर ते सॅम्पल टाकून शेजारी परत घ्यायचं. प्लॉटच्या कडेची एक-दोन ओळी सोडून आत, कारण कडेच्या झाडांना उजेड जास्त आणि शेजारच्या खताचा वास. आठ-दहा कोअर बादलीत मिसळायचे, मुळं-दगड हाताने काढायचे, मग पिशव्या. पुढच्या प्लॉटला जायच्या आधी बादली आणि कोअर पुसायचा, डीएनएचं काम असेल तर अल्कोहोलने.

लेबल पेन्सिलने. मार्कर अल्कोहोल लागलं की वाहून जातो, बॉलपेन थंडीत ओल्या पिशवीवर चालत नाही. एक लेबल बाहेर, एक चिठ्ठी आत. तारीख, साइट, ब्लॉक, प्लॉट, खोली, कुणी घेतलं. "ए१" एवढंच लिहिलेली पिशवी सहा महिन्यांनी फ्रीजरच्या तळाशी सापडते आणि ती कुणाचीच नसते.

झाडांचा सुका भार काढायला ६० ते ७० अंशांवर ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. कागदी पिशवीत, प्लास्टिकच्या नाही.

सगळे सिक्वेन्सिंग (डीएनए वाचून जाती ओळखणं) करतायत, मी पण करू का?

प्रश्नाला "कोण आहे" हे कळून उत्तर मिळणार असेल तर करा. जिवाणूंना १६एस, बुरशीला आयटीएस, प्राण्यांना सीओआय हे नेहमीचे मार्कर, म्हणजे ओळख पटवायला वाचायचे डीएनएचे तुकडे. पण येणारा आकडा सापेक्ष असतो, एक गट वर गेला म्हणजे तो वाढला असं नाही, बाकीचे कमी झाले असतील. एकूण किती आहेत हवं असेल तर सोबत क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणं) किंवा बायोमासचं मोजमाप लागतं. आणि ब्लँक (सॅम्पल न घातलेली नळी) चालवाच, एक्सट्रॅक्शन किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो, कमी बायोमासच्या सॅम्पलमध्ये तो मोठा होऊन दिसतो. रंगीत बार चार्ट सगळ्यांकडे असतो, त्यावरून काय म्हणायचंय हे फार थोड्यांकडे.

मला स्टॅटिस्टिक्स येत नाही, चालेल का?

चालेल, शिकायची तयारी असेल तर. आर ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रामिंग भाषा शिका, फुकट आहे, ऑकलंडला इहाका आणि जेंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात सुरू केलं आणि आता इकॉलॉजीतलं निम्मं जग त्यावरच चालतं. मिक्स्ड मॉडेल (वर सांगितलेले रँडम इफेक्ट असलेलं), जनरलाइज्ड मॉडेल (किड्यांची संख्या मोजलीय म्हणजे पॉयसन किंवा निगेटिव्ह बायनॉमियल, लॉग घेऊन ओढूनताणून नॉर्मल करू नका), आणि ऑर्डिनेशन (अनेक प्रजातींचा डेटा दोन-तीन अक्षांवर मांडणं), एवढ्यावर बहुतेक थीसिस निघते.

माझा लाडका सल्ला: पेरणीच्या आधी खोटा डेटा बनवा. आरमध्येच, तुमच्या डिझाइनप्रमाणे ब्लॉक, प्लॉट, ट्रीटमेंट, अंदाजे सरासरी आणि विखुरलेपणा घालून. मग त्यावर पूर्ण अ‍ॅनालिसिस चालवा, ग्राफसकट. कॉलम कमी पडला, रेप्लिकेट कमी पडले, मॉडेल बसतच नाही, हे सगळं तिथेच कळतं, जेव्हा बदल करायला फक्त एक ओळ खोडावी लागते. स्टॅटिस्टिशियनकडे पण याच टप्प्यावर जा, कापणी झाल्यावर गेलात तर तो फक्त सांत्वन करू शकतो.

पी ०.०५ च्या खाली आला म्हणून उड्या मारू नका, परिणाम किती मोठा आहे आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) काय ते लिहा.

काहीच फरक आला नाही, थीसिस बुडाली का?

इंटरव्हल बघा. तो शून्याभोवती अरुंद असेल तर तुम्ही दाखवलंय की परिणाम असलाच तर किरकोळ आहे, हा निकाल आहे, आणि शेतीत तर फार कामाचा निकाल आहे, लोक पैसे घालतायत ते थांबतील. इंटरव्हल ऐसपैस असेल तर मात्र "परिणाम नाही" म्हणायचा हक्क नाही, "सांगता येत नाही" एवढंच.

परवानग्या कुठल्या लागतात?

वाटतात त्यापेक्षा जास्त. जागेच्या मालकाची लेखी, संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याची किंवा जे कोण असेल त्याची, पाठीचा कणा असलेला प्राणी असेल तर एथिक्स कमिटीची, शेतकऱ्यांच्या मुलाखती असतील तरीही एथिक्स कमिटीची. माती किंवा झाडांचे भाग देशाबाहेर न्यायचे तर क्वारंटाइनचे कागद, धोक्यातल्या जाती असतील तर साइट्सची (CITES, अशा जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवानगी. दुसऱ्या देशातले जनुकीय नमुने वापरायचे तर नागोया करार (जनुकीय संपत्ती वापरायची परवानगी आणि फायद्याची वाटणी यावरचा) बघा, तो २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून लागू आहे. यातले काही कागद महिनोन्महिने घेतात. परवानगी नसलेल्या नमुन्यांवरचा पेपर जर्नल परत पाठवू शकतं.

शेतकऱ्याच्या शेतात प्रयोग करायचाय, काय सांभाळायचं?

मालकाने हो म्हटलं म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कळलं असं समजू नका, त्याच्याशी वेगळं बोला, प्लॉट चालत जाऊन दाखवा. खुंट्या उंच आणि भडक रंगाच्या लावा, आणि शिवाय जीपीएसचे आकडे व टेपने मोजलेली अंतरं वहीत ठेवा कारण खुंट्या उपटल्या जातातच. फवारणी कधी, काय, किती, हे त्यांच्याकडून दर वेळी विचारून लिहा. शेतकऱ्याला न आवडणारी ट्रीटमेंट (तण काढायचं नाही, उदाहरणार्थ) आधीच स्पष्ट सांगा आणि नुकसानीचं काय ते ठरवा. आणि निकाल परत द्या, एक पान, त्यांच्या भाषेत, पेपर छापून यायच्या आधी. बरेच संशोधक डेटा घेऊन गायब होतात आणि पुढच्या स्टुडंटला तो दरवाजा बंद मिळतो.

डेटा कसा ठेवू?

एका ओळीत एक निरीक्षण, एका कॉलममध्ये एकच गोष्ट. मूळ फाइलला परत हात लावायचा नाही, सगळ्या दुरुस्त्या स्क्रिप्टमध्ये. मोजलं नाही ते रिकामं किंवा एनए, मोजलं आणि नव्हतं ते शून्य, हे दोन मिसळले की प्रजातींचा डेटा संपला. एक्सेलपासून सावध, प्लॉटला "३-२" असं नाव दिलंत की तो गपचूप त्याची तारीख करतो, म्हणून "बी३पी२" सारखी नावं ठेवा. कागदी वहीचा रोज संध्याकाळी फोटो काढा, वही ओढ्यात पडते. शेवटी डेटा ड्रायड किंवा झेनोडो या ऑनलाइन संग्रहांवर टाका, बरीच जर्नल्स आता तशीही मागतात.

फील्डवर सेफ्टीचं काय?

एकटे जाऊ नका, जावंच लागलं तर कुठे आणि कधी परत हे कुणाला तरी लिहून द्या आणि ठरल्या वेळेला फोन आला नाही तर त्याने काय करायचं तेही ठरवा. वीज कडाडायला लागली की लोखंडी कोअर हातात घेऊन मोकळ्या रानात उभं राहायचं नाही, सॅम्पल गेलं खड्ड्यात. गोचीड, साप, ऊन, कीटकनाशक मारल्यावर शेतात परत शिरायची ठरलेली मुदत, हे सगळं पहिल्या दिवशीच विचारा. आणि धोका माणसांकडूनही असतो, टीममधल्या कुणाचं वागणं खटकलं तर फील्ड संपायची वाट न बघता तिथून निघायचा हक्क तुम्हाला आहे, त्यासाठी गाडीची किल्ली कुणाकडे असते हे माहीत हवं.

पेपर रिजेक्ट झाला, आता?

रेमंड लिंडमन या इकॉलॉजिस्टचं ऐका. मिनेसोटाच्या सीडर बॉग लेकवर पीएचडी केली, त्यातून परिसंस्थेत ऊर्जा एका पातळीवरून दुसरीवर कशी जाते यावर पेपर लिहिला, रिव्ह्यूअरनी नाकारला, म्हणे थिअरी फार आणि डेटा कमी. येलमधला त्याचा गुरू हचिन्सन याने त्याची बाजू लावून धरली, पेपर सुधारला, आणि शेवटी १९४२ ला छापून आला, पण तोवर लिंडमन २७ वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच वारला होता. आज इकॉलॉजीच्या प्रत्येक पुस्तकात तो ऊर्जेचा पिरॅमिड आहे. सगळेच रिजेक्ट झालेले पेपर असे नसतात हेही खरं, त्यामुळे कॉमेंट्स दोन दिवस न बघता ठेवा, मग शांतपणे वाचा, आणि रिव्ह्यूअरला एखादं वाक्य समजलं नसेल तर ते वाक्य बदला, त्याला समजवत बसू नका.

पुढे नोकरी कुठे मिळते?

सगळ्यांना प्रोफेसर होता येत नाही, जागाच तेवढ्या नसतात. बियाणं आणि जैविक निविष्ठांच्या कंपन्या, सरकारी संशोधन केंद्रं, पर्यावरण सल्लागार, संवर्धन संस्था, डेटा अ‍ॅनालिसिस. शेवटच्यात तर आर आणि मिक्स्ड मॉडेल येतं म्हणून घेतात, गांडुळांशी त्यांना देणंघेणं नसतं.

व्हायव्हाला (थीसिसच्या तोंडी परीक्षेला) काय विचारतात?

पहिला प्रश्न सोपा वाटणारा असतो, दोन मिनिटांत सांगा काय केलं आणि काय सापडलं. याची तयारी केलेली नसते. मग मेथड्सवर येतात: हीच खोली का, हाच वाण का, ब्लॉक असे का टाकले, हे वर्ष नेहमीपेक्षा कोरडं होतं का (पावसाचा आणि तापमानाचा दीर्घकालीन सरासरीशी तुलना करणारा आलेख थीसिसमध्ये असू द्या). आणि कधीतरी नक्की: तुमचं एक्सपेरिमेंटल युनिट कुठलं, आणि एन किती. इथे उत्तर एका शब्दात आणि एका आकड्यात यायला हवं. "म्हणजे तसं बघितलं तर" अशी सुरुवात झाली की परीक्षक खुर्चीत पुढे सरकतात.